श्रद्धेची नवी ऐट आणि यशवंतपूरचा कांदा

बंगळूर शहराच्या वायव्येस, तुमकूर रस्त्यावर यशवंतपूर आहे. महाराष्ट्रातील ज्या शेतकऱ्याचा किंवा ट्रकचालकाचा कांद्याच्या व्यापाराशी संबंध येतो, त्याला हे नाव सांगावे लागत नाही. नाशिक-नगरकडचा कांदा दक्षिणेकडे निघाला की त्याचा मोठा हिस्सा यशवंतपूरच्या बाजार समितीच्या आवारात उतरतो. तेथे हमालांच्या पाठीवर गोणी चढतात, अडत्यांचे भाव पुकारले जातात आणि दिवस वर येईपर्यंत माल शहरभर पांगतो. ह्या आवारापासून फारसे दूर नाही अशा एका टेकडीवर, राजाजीनगरच्या हद्दीत, इस्कॉनचे भव्य मंदिर उभे आहे. १९९७ साली तत्कालीन राष्ट्रपती डॉ. शंकर दयाळ शर्मा यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सायंकाळी ह्या टेकडीच्या पायऱ्या चढणाऱ्यांत सुटीवर आलेली कुटुंबे असतात, तशीच गळ्यात कंपनीचे ओळखपत्र अडकवलेली विशी-पंचविशीतील तरुण मुलेमुलीही असतात.

ह्या तरुणांना कोणी बळजबरीने तेथे आणलेले नाही. आईच्या आग्रहाखातर आलो, अशी सबबही ते सांगत नाहीत. ते स्वेच्छेने येतात, छायाचित्रे काढतात आणि ती मित्रमंडळींना पाठवतात. देवळात जाणे, माळ घालणे, गीतेवरील व्याख्यानाला बसणे ह्या गोष्टी त्यांच्या वर्तुळात मिरवण्याजोग्या झाल्या आहेत. गेल्या काही वर्षांत तर बंगळूर, मुंबई, पुणे अशा शहरांत तिकिटे लावून भजनाच्या मैफली होऊ लागल्या आहेत. रंगीत दिवे, गिटार, ढोल, आणि दारूऐवजी चहा. तिला 'भजन क्लबिंग' असे नाव मिळाले आहे. तरुणांच्या भाषेत सांगायचे तर भक्ती आता 'कूल' झाली आहे.

पुरोगामी वर्तुळांत ह्यावर दोन प्रतिक्रिया ऐकू येतात. एक चिडीची: शिकली-सवरली पोरे मागे चालली. दुसरी हताशेची: काळच फिरला, आता इलाज नाही. दोन्ही प्रतिक्रिया चुकीच्या आहेत, कारण दोन्ही एक साधा प्रश्न विचारत नाहीत. एखाद्या काळात काय मिरवावे आणि काय झाकून ठेवावे, हे ठरवतो कोण? यशवंतपूरच्या आसपासच्या चार-पाच मैलांतच ह्या प्रश्नाचे उत्तर शोधता येते.

घड्याळाचा काळ

यशवंतपूरहून उत्तरेस थोड्याच अंतरावर जालहळ्ळी आहे. १९५३ साली तेथे हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजेच एचएमटी, हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना सुरू झाला. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने तेथे मनगटी घड्याळांचे उत्पादन सुरू झाले. पुढील पंचवीस वर्षे भारतीय तरुणाच्या मनगटावर मिरवण्यासारखी वस्तू म्हणजे एचएमटीचे घड्याळ. मॅट्रिक उत्तीर्ण झालेल्या मुलाला वडील तेच घेऊन देत. लग्नात नवरदेवाला तेच हवे असे. 'जनता', 'पायलट', 'सोना', 'कांचन' ही नावे महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतही ठाऊक होती.

त्या घड्याळात केवळ वेळ नव्हती. ते देशाने स्वतः बनवलेले होते. ते बनवणारा कामगार कायम नोकरीत होता, त्याला वसाहतीत घर होते, मुलांना शाळा होती, आजारपणात दवाखाना होता. एचएमटी, बीईएल, एचएएल, आयटीआय, बीईएमएल ह्या पाच कारखान्यांच्या कामगाराला बंगळुरात मान होता. त्याचा गणवेश अंगावर असला की दुकानदार उधारी देई आणि वधूपिते चौकशी करीत येत. हा मान कोणी दान दिलेला नव्हता. १९८० च्या डिसेंबरअखेरीपासून १९८१ च्या मार्चपर्यंत ह्या कारखान्यांतील कामगारांनी भेलच्या कामगारांइतके वेतनमान मिळावे म्हणून संप केला. तो सुमारे अडीच महिने चालला. शहराने एवढा मोठा संप पूर्वी पाहिला नव्हता.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. त्या काळातील कामगार नास्तिक होता, असे मुळीच नव्हे. आयुधपूजेच्या दिवशी यंत्रांना झेंडूच्या माळा पडत, कुंकू लागे, नारळ फुटत. कामगार वसाहतींतून देवळे होती आणि शबरीमलैला जाणारे जथेही होते. परंतु त्या कामगाराची समाजातील पत त्याच्या श्रद्धेवर अवलंबून नव्हती. ती त्याच्या हातातील कसबावर, कायम नोकरीवर आणि संघटनेवर उभी होती. श्रद्धा त्याच्या घरात आणि सणात होती. मिरवायला त्याच्याजवळ दुसरे काही होते.

ते 'दुसरे काही' हळूहळू काढून घेतले गेले. १९९१ नंतरच्या धोरणांनी सार्वजनिक क्षेत्राला ओझे ठरवले. भांडवल मिळाले नाही, नवी भरती थांबली, बाजारपेठ खाजगी कंपन्यांनी व्यापली. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला. त्यानंतर जे घडले ते मोठे बोलके आहे. कारखाना बंद होताच जुनी एचएमटी घड्याळे जमवणे ही सुखवस्तू तरुणांची हौस बनली. 'जनता' घड्याळ 'कूल' झाले, पण ते बनवणारा कामगार नाहीसा झाल्यावर. श्रमाची आठवणही बाजारात शोभेची वस्तू म्हणून विकता येते. फक्त ते श्रम करणारा माणूस हक्क मागायला शिल्लक नसावा, एवढीच बाजाराची अट असते.

किर्लोस्करांची जमीन

मराठी वाचकाला जवळचे वाटेल असे दुसरे उदाहरण यशवंतपूरच्या लगतच आहे. मल्लेश्वरम आणि राजाजीनगर यांच्या सीमेवर, मेट्रोच्या सँडल सोप फॅक्टरी स्थानकासमोर, आज ओरायन मॉल, तारांकित हॉटेल आणि वर्ल्ड ट्रेड सेंटरची गगनचुंबी इमारत उभी आहे. ही जागा पूर्वी किर्लोस्करांच्या कारखान्याची होती. किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनीची स्थापना १९४६ साली बंगळुरात झाली आणि तिच्या मोटारी देशभरच्या कारखान्यांत पोहोचल्या.

किर्लोस्कर हे नाव मराठी मध्यमवर्गाच्या अभिरुचीशीही जोडलेले आहे. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. १९२० साली तेथून निघालेली 'किर्लोस्कर खबर' पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाली, १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' ही भावंडे तिला मिळाली. ह्या मासिकांनी चिकित्सा, विज्ञान, स्त्रीशिक्षण आणि उद्यमशीलता ह्यांना घराघरांत प्रतिष्ठा मिळवून दिली. सोवळे न पाळणे, पत्रिका न पाहता लग्न करणे, मुहूर्ताची टिंगल करणे ही त्या काळच्या मराठी तरुणाची ऐट होती. आजच्या शब्दांत सांगायचे तर त्या दिवसांत विवेकवाद 'कूल' होता.

त्या ऐटीला मर्यादा होत्या. ती प्रामुख्याने सुशिक्षित, वरच्या जातींतील मध्यमवर्गाची होती. गिरणीकामगाराच्या खोलीपर्यंत किंवा शेतमजुराच्या झोपडीपर्यंत ती फारशी पोहोचली नाही. परंतु ती हवेतून आलेली नव्हती. उगवत्या उद्योगाला यंत्र समजणारा, कारण विचारणारा माणूस हवा होता. कारखाना उभारणाऱ्या भांडवलाला विवेकाची गरज होती. जमीन विकून मॉल उभारणाऱ्या भांडवलाला ती गरज उरत नाही. त्याला फक्त गिऱ्हाईक लागते, आणि गिऱ्हाइकाने कारण विचारले नाही तर ते अधिकच बरे.

मुंबईच्या गिरणगावातही हेच घडले. फिनिक्स गिरणीच्या जागी मॉल आला. लालबागच्या सार्वजनिक गणपतीची स्थापना १९३४ साली झाली, तेव्हा त्यामागे बाजाराच्या हक्काच्या जागेसाठी धडपडणाऱ्या कोळ्यांचा व किरकोळ विक्रेत्यांचा नवस होता. पोटाच्या प्रश्नातून उभ्या राहिलेल्या त्या गणपतीपुढे आज सामान्य माणूस तासन्‌तास रांगेत तिष्ठतो आणि मान्यवरांना वेगळ्या वाटेने दर्शन घडते. मूर्ती तीच आहे, नवसही तेच आहेत, पण कोणासाठी हा प्रश्न विचारला की उत्तर बदललेले आढळते.

न्यूयॉर्कहून परतलेली भक्ती

टेकडीवरील मंदिराचा इतिहासही ह्याच दृष्टीने पाहिला पाहिजे. इस्कॉन ही संस्था १९६६ साली न्यूयॉर्क येथे स्थापन झाली. तिचे संस्थापक भक्तिवेदान्त स्वामी त्याच्या आदल्या वर्षी, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, कलकत्त्याहून मालवाहू जहाजाने अमेरिकेस गेले होते. तेथे त्यांच्याभोवती प्रथम जमले ते हिप्पी तरुण. व्हिएतनामच्या युद्धाला विटलेली, बापाच्या मोटारीला आणि बंगल्याला पाठ फिरवलेली ती पिढी होती. १९६९ साली बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसनच्या पुढाकाराने हरे कृष्ण मंत्राची ध्वनिमुद्रिका निघाली आणि हा मंत्र पाश्चात्त्य तरुणांत मोठ्या ऐटीची गोष्ट ठरला. भोगवादाला कंटाळलेल्या मनाने भक्तीचा आसरा घेतला होता. त्या बंडात प्रामाणिकपणा होता, हे नाकारण्याचे कारण नाही.

भारतात त्या काळी ह्याकडे कसे पाहिले गेले? १९७१ सालच्या देव आनंदच्या 'हरे राम हरे कृष्ण' ह्या चित्रपटाने काठमांडूतील हिप्पींचे चित्र रंगवले आणि मध्यमवर्गाने ते नशेत बुडालेल्या, वाट चुकलेल्या मुलांचे चित्र म्हणून पाहिले. एकतारी घेऊन नाचणारा गोरा भक्त हा त्या वेळी थट्टेचा विषय होता. पंचवीस वर्षांनी तीच भक्ती बंगळूरच्या टेकडीवर काच आणि गोपुरांच्या इमारतीत विराजमान झाली, तेव्हा थट्टा संपली होती. दरम्यान बंगळूर बदलले होते. सॉफ्टवेअर कंपन्या आल्या होत्या. अमेरिकेसाठी काम करणारा नवा वर्ग उभा राहिला होता. त्याला आजीचे देवघर मागासलेले वाटे आणि संपूर्ण परके होणेही परवडत नव्हते. अमेरिकेचा शिक्का घेऊन परतलेली, इंग्रजीत बोलणारी, स्वच्छ आणि शिस्तबद्ध भक्ती त्याला सोयीची होती. दर्शन घेऊन बाहेर पडण्याची वाट पुस्तके, मूर्ती आणि खाद्यपदार्थांच्या दुकानांतून जाते. भोगवादाविरुद्धचे बंड बाजारपेठेत आणून बसवण्याची भांडवलशाहीची हातोटी येथे दिसते. ह्या मंदिराच्या मालकीवरून संस्थेच्या मुंबई व बंगळूर शाखांत वर्षानुवर्षे चाललेला कोर्टकज्जाही त्याचीच साक्ष देतो.

पण ह्या तरुणाला तेथे मिळते तरी काय? बारा-बारा तास पडद्यासमोर बसणाऱ्या, कोणत्याही सकाळी एका पत्राने नोकरी जाऊ शकणाऱ्या, गाव सोडून भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलाला किंवा मुलीला तेथे दोन तास सोबत मिळते. शेजारी उभा असलेला अनोळखी माणूस त्याच तालात टाळी वाजवतो, कोणी कामाचे मोजमाप विचारत नाही. मार्क्सने १८४४ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात धर्माने येणाऱ्या गुंगीबरोबरच धर्मात व्यक्त होणाऱ्या खऱ्या दुःखाकडेही बोट दाखवले होते. त्यातील गुंगी सर्वांच्या लक्षात राहते, दुःखाचा विसर पडतो. पुरोगामी माणसालाही पडतो.

कांद्याचा प्रश्न

मग आक्षेप कशाला? एखाद्याची श्रद्धा हा त्याचा खाजगी प्रश्न आहे, असे म्हणून विषय संपवता आला असता. पण श्रद्धा प्रतिष्ठेच्या आसनावर बसली की ती खाजगी राहत नाही. ती दुसऱ्याच्या ताटात डोकावते. ह्याचे उदाहरणही ह्याच टेकडीशी जोडलेले आहे.

बंगळूरच्या इस्कॉनशी संबंधित अक्षयपात्र ही संस्था २००० सालापासून सरकारी शाळांतील मुलांना दुपारचे जेवण पुरवते. पाच शाळांतील दीड हजार मुलांपासून सुरू झालेले हे काम आज देशभर पसरले आहे. तिची स्वयंपाकघरे आधुनिक आहेत आणि लाखो मुलांना ती वेळेवर गरम अन्न देतात, हे मान्य केले पाहिजे. परंतु ह्या अन्नात कांदा आणि लसूण नसतो, कारण संस्थेच्या मते ते सात्त्विक नव्हेत. २०१८-१९ च्या सुमारास कर्नाटकात ह्यावर वाद झाला. अन्नहक्कासाठी काम करणाऱ्यांचे म्हणणे होते की मुलांना हे जेवण बेचव लागते, ती पोटभर जेवत नाहीत, आणि सरकारी धान्यावर व पैशावर चालणाऱ्या योजनेत एका पंथाचा आहारनियम सर्व जातिधर्मांच्या मुलांवर लादता येणार नाही. पोषणाचे प्रमाण पुरे आहे, असे संस्थेचे उत्तर होते. तिने आपला नियम सोडला नाही.

हा प्रश्न केवळ चवीचा नाही. ज्या मुलाच्या घरी दोन्ही वेळा भाकरीबरोबर कांदाच असतो, त्याला शाळेत शिकवले जाते की तुझ्या घरचे अन्न हलके आहे. यशवंतपूरच्या आवारात जो माल हमालाच्या पाठीवरून उतरतो, तो त्याच्याच मुलाच्या शाळेतील ताटात वर्ज्य ठरतो. डिसेंबर २०२१ मध्ये कर्नाटक सरकारने उत्तरेकडील कुपोषणग्रस्त जिल्ह्यांत शालेय आहारात अंडी सुरू केली तेव्हा काही मठाधिपतींनी विरोध केला. त्या वेळी कोप्पळ जिल्ह्यातील गंगावतीच्या शाळकरी मुलींनी उघडपणे सांगितले की आम्हाला अंडी हवीत आणि ती नाकारण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्या मुलींच्या बोलण्यात जी ऐट होती तिच्यापुढे तिकिटे लावलेली कोणतीही मैफल फिकी आहे.

मराठी भक्तिपरंपरेत ह्याहून वेगळी वाट फार पूर्वी मळली गेली होती. अरणच्या सावता माळ्याला आपला देव शोधायला मळा सोडून जावे लागले नाही. त्याला तो हातातल्या कामात आणि वाफ्यातल्या भाजीपाल्यातच दिसला. त्या श्रद्धेत कष्टकऱ्याचे अन्न आणि कष्टकऱ्याचे काम दोन्ही पवित्र होती. आज प्रतिष्ठा पावलेल्या श्रद्धेत दोन्ही हलकी ठरतात. तेव्हा विरोध श्रद्धेला नव्हे. श्रद्धेच्या नावाने वरच्या जातीची आणि भरल्या खिशाची आवड साऱ्या समाजाचे मोजमाप बनते, तिला विरोध आहे.

उपहासाने काम भागणार नाही

श्रद्धाळू माणूस लढत नाही, ही समजूतही यशवंतपूरच्या रस्त्यावरच खोटी ठरली आहे. २०१६ साली केंद्र सरकारने भविष्य निर्वाह निधीतील मालकाच्या हिश्शाची रक्कम अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत काढता येणार नाही, असा नियम केला. १८ आणि १९ एप्रिल रोजी बंगळूरच्या कपडे कारखान्यांतील हजारो कामगार, बहुसंख्य स्त्रिया, उत्स्फूर्तपणे बाहेर पडल्या. पीण्याजवळ जालहळ्ळी क्रॉसपाशी तुमकूर रस्ता अडला. लाठ्या चालल्या. दुसऱ्याच दिवशी सरकारला नियम मागे घ्यावा लागला. ह्या स्त्रियांपैकी बहुतेकींच्या केसांत फुले आणि कपाळावर कुंकू होते. घरी देव होते, नवस होते. त्यांच्या श्रद्धेने त्यांना अडवले नाही. अडचण एवढीच होती की त्यांच्यापैकी बहुसंख्य असंघटित होत्या, आणि लढा जिंकल्यावर ती ताकद साठवून ठेवणारी जागा त्यांच्यापाशी नव्हती.

खरा प्रश्न जागेचा आहे. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभारले तेव्हा गिरणीकामगाराच्या संध्याकाळीला एक जागा मिळाली. डफ-तुणतुण्यावर पोवाडे झडत, लोकनाट्ये होत, आणि त्या मैदानात उभे राहणे ही तरुणांची ऐट होती. देव मानणारे आणि न मानणारे एकाच सतरंजीवर बसत. आज कामगार संघटनेच्या कचेरीत संध्याकाळी किती तरुण येतात? आले तर त्यांच्यासाठी तेथे काय असते? एक जुने कपाट, वर्गणीची पावती आणि मागील मोर्चाचा फलक. ज्याला सोबत हवी आहे तो सोबत जेथे मिळेल तेथे जाणार. त्याला दोष देण्याआधी आपल्या दाराला कडी का, हे चळवळीने तपासले पाहिजे.

आशा वाटावी अशा खुणाही आहेत. जुलै २०२४ मध्ये कर्नाटकात माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातील कामाचा दिवस चौदा तासांपर्यंत वाढवण्याचा प्रस्ताव पुढे आला तेव्हा त्या क्षेत्रातील कर्मचाऱ्यांची संघटना 'किटू' हिने त्याला जाहीर विरोध केला. मार्च २०२५ मध्ये तिच्या हाकेवरून ओळखपत्रधारी तरुण बंगळूरच्या फ्रीडम पार्कमध्ये जमले आणि त्यांनी कामानंतरचा वेळ आपला आहे, अशी मागणी केली. ह्याच तरुणांपैकी काहीजण रविवारी टेकडीवर जात असतील. त्यांना दोन्हींपैकी एक निवडायला लावण्याची गरज नाही. ज्या वेळात ते भजनाला जातात तो वेळसुद्धा मालकाकडून मागून घ्यावा लागतो, हे त्यांना दिसले की पुढचे पाऊल ते स्वतः टाकतील.

कोणती गोष्ट ऐटीची, हे आकाशातून ठरत नाही. कधी उगवत्या उद्योगाने विवेकाला ऐट दिली, कधी संघटित कामगाराने मनगटावरच्या साध्या घड्याळाला दिली, आज बाजाराने भक्तीला दिली आहे. उद्या ती कोणाच्या हातून कशाला मिळेल, हे श्रमजीवी वर्गाच्या संघटित शक्तीवर अवलंबून आहे. मुलाच्या ताटात त्याच्या घरचा कांदा असणे, हमालाच्या पाठीला योग्य मोल मिळणे आणि दिवसभर राबलेल्या तरुणाची संध्याकाळ त्याची स्वतःची असणे ह्या मागण्या साध्या आहेत. त्या मान खाली घालून, अर्जविनंत्यांच्या भाषेत मांडल्या जातात तोवर त्यांच्याकडे कोणी वळून पाहणार नाही. त्या मान वर करून, डफाच्या तालावर आणि चारचौघांत मिरवाव्यात अशा झाल्या, म्हणजे टेकडी चढणारी पावले खालच्या आवारातही थांबतील.